कोळशावरचा पिझ्झा

"ताई, बोट रुतवून बघा," प्रणाली म्हणाली आणि तिनं परात माझ्यापुढे सरकवली.

मी बोट रुतवलं. पीठ आत दबलं आणि हळूहळू पुन्हा वर आलं.

"कानाच्या पाळीसारखं मऊ झालंय गं."

"मग झालं. अजून अर्धा तास चुलीच्या उबेला झाकून ठेवू. थंडीत फुगायला वेळ लागतो त्याला."

डिसेंबरातली चिखलदऱ्याची सकाळ होती. अंगणात ऊन होतं, पण सावलीत उभं राहिलं की दात वाजत होते. दुपारच्या जेवणाला बावीस माणसं यायची होती. अमरावतीच्या एका कारखान्यातली सहा कुटुंबं होती ती, आणि त्यांचे म्होरके होते देशकरसाहेब. जेवण पसंत पडलं तर दर महिन्याला एक गट आमच्याकडे पाठवीन, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना द्यायचो, आणि लग्न होऊन आल्यापासून सोळा वर्षं तिथलं स्वयंपाकघर माझ्या हातात होतं. पिठलं, भाकरी, पाटवडीचा रस्सा, भरीत. नागपूर-अकोल्याची माणसं दुसऱ्यांदा आली की गाडीतून उतरतानाच विचारायची, "ज्योत्स्नावहिनी आहेत ना घरी?"

प्रणाली माझी धाकटी जाऊ. अतुलशी लग्न होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. माहेर नागपूरचं. तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिनं दोन वर्षं नोकरी केली होती. आली त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की पाहुण्यांची पोरं पिठल्याकडे बघून नाक मुरडतात.

"आपण पिझ्झा करू," ती म्हणाली.

"ओव्हन कुठाय? आणि असला तरी वीज कुठाय?" मी म्हटलं.

"ओव्हन कशाला? कोळसा आहे की."

अतुलनं परतवाड्याच्या वेल्डरकडून तेलाचा एक रिकामा ड्रम आडवा कापून आणला. खालच्या अर्ध्या भागाला चार पाय, वर लोखंडी सळ्यांची जाळी, आणि वरच्या अर्ध्याचं बिजागरी लावलेलं झाकण. ड्रमच्या बुडाशी तळहाताएवढी एक फट होती, तिच्यावर सरकणारी पट्टी. हवा त्या फटीतून आत शिरायची आणि झाकणाच्या भोकांतून बाहेर पडायची. पट्टी उघडी असली की निखारे फुलायचे. बंद केली की झाकणाखाली गुदमरून विझत जायचे. प्रणालीनं मला हे शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं होतं.

पहिला पिझ्झा खालून काळाठिक्कर झाला आणि वरून कच्चा राहिला. दारातल्या कुत्र्यानं तो हुंगला आणि तो निघून गेला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. दुसरा जाळीला चिकटला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "लाटतेस कशाला? लाटण्यानं त्याचा जीव जातो. हातानं थाप." आणि भाकरी थापतात तसं थापून दाखवलं. तोही जमला नाही, पण कडा छान फुगल्या. मग तिला युक्ती सापडली. पोळी आधी नुसतीच जाळीवर टाकायची, एक बाजू भाजली की उलटायची, भाजलेल्या बाजूवर टोमॅटोची चटणी, चीज, मक्याचे दाणे, शिमला मिरची घालायची आणि झाकण लावायचं. खालून विस्तव आणि वरून कोंडलेली धग. चार-पाच मिनिटांत चीज वितळून बुडबुडे यायचे.

येईल त्याला ती सांगायची, "थापायला ताईंनी शिकवलं बरं का. माझ्या हातून होत नव्हतं."

मला हे सगळं आवडत होतं, हे आधीच सांगून ठेवते. सोळा वर्षांत त्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर कुणी हसलं नव्हतं.

त्या आठवड्यात गुरुवारी परतवाड्याहून फोन आला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या विधवा बहीण, न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मूलबाळ नाही, घरात दुसरं कुणी नाही. सासूबाईंनी फोन ठेवला आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या दोघींतल्या एकीले तिकडं जा लागन बाई. आता अंथरुणालेच खिळली ते."

"किती दिवस?" प्रणालीनं विचारलं.

"दिवस कायचे? ते जितके दिवस हाय तितके दिवस."

कुणी जायचं ते त्या बोलल्या नाहीत. बघू, म्हणाल्या. प्रणालीच्या डोक्यात शनिवारच्या पाहुण्यांचंच घोळत होतं. तिनं लगेच मला विचारलं, चीज दोन किलो पुरेल की अडीच आणू?

तर तो शनिवार. अकराला तिनं कोळसा पेटवला. साडेअकराला एक पिझ्झा चाचणीसाठी भाजला आणि तो असा काही उतरला की काय सांगू. कडा खरपूस, बुडाला जाळीच्या रेषा, चीज ताणलं की तार यायची. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला, मान हलवली. "हं. जमलं बाप्पा पोरीले."

माझ्या नवऱ्यानं दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याला हात घातला. "आता देशकरसाहेब आपल्या खिशात," विश्वासराव म्हणाले.

प्रणालीनं नवा कोळसा जुन्या निखाऱ्यांवर पसरला, पाहुणे येईतो तोही फुलावा म्हणून. झाकण लावलं. "ताई, मी साडी बदलून येते. कोळशाचा अवतार झालाय माझा. तुम्ही आहात ना इथे?"

"आहे. जा तू."

साडेबाराला दोन मोठ्या गाड्या आल्या. माणसं उतरली, पोरं अंगणभर पळाली. अतुल सगळ्यांना ड्रमजवळ घेऊन आला. आमच्याकडचा हा नवा प्रकार बघा म्हणाला. प्रणाली मोतिया रंगाच्या साडीत, पदर खोचून, थापलेल्या पोळ्यांची थाळी घेऊन आली. देशकरसाहेबांनी फोटो काढायला मोबाइल वर धरला. तिनं झाकण उघडलं.

आत लाल काहीच नव्हतं. धुराचा एक लोट वर आला आणि पुढे उभी असलेली माणसं खोकत मागे सरली.

"थांबा हं, एक मिनिट," प्रणाली म्हणाली आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. मधोमध थोडे निखारे जागे झाले. तिनं पोळ्या टाकल्या. एका बाजूनं त्यांना कसाबसा रंग आला. तिनं उलटवल्या, भराभर चटणी-चीज पसरलं आणि झाकण लावलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिनं झाकण उघडलं तर चीज होतं तसंच, पांढरं, किसलेल्या खोबऱ्यासारखं. निखारे पुन्हा काळे पडले होते.

पुन्हा वारा. पुन्हा झाकण. पोरं ताटल्या वाजवू लागली. ड्रमची मागची बाजू, म्हणजे फटीची बाजू, भिंतीकडे होती. राख पोरांच्या अंगावर उडू नये म्हणून तिनंच तशी ठेवली होती. तिचे दोन्ही हात पिठानं आणि चटणीनं भरले होते, समोर बावीस माणसं होती. मी भिंतीशी उभी होते.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "खालची पट्टी उघडी आहे ना? जरा बघता का?"

मी वाकले. बघितलं.

"उघडी आहे," मी म्हणाले.

"मग कोळसाच ओला असणार," ती स्वतःशीच पुटपुटली. तिच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता.

शेवटी तिनं तसेच पिझ्झे कापले. एका लहान मुलीनं पहिला घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, हा कच्चा आहे. आणि धुराचा वास येतोय." तिच्या आईनं तिला गप्प केलं, पण स्वतःच्या ताटलीतला तुकडाही हळूच बाजूला ठेवला. देशकरसाहेब मोबाइल खिशात ठेवून घड्याळ बघायला लागले. अतुल मान खाली घालून विहिरीकडे निघून गेला.

विश्वासरावांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, काहीतरी कर. माणसं उपाशी आहेत."

मी आत गेले आणि चूल पेटवली. अर्ध्या-पाऊण तासात बेसन घोटलं, ठेचा वाटला, एकीकडे भाकरी थापत गेले आणि एकीकडे वाढत गेले. माझे हात जे चालत होते त्या दिवशी! चार माणसांचं काम एकटीनं केलं. अंगणात सतरंजीवर पंगत बसली. गरम भाकरीवर तेलाची धार, पिठलं, कांदा. देशकरसाहेबांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या.

"वहिनी," ते बोटं चाटत म्हणाले, "अहो, याच्यासाठी तर माणूस चिखलदऱ्याला येतो. पिझ्झा काय, अमरावतीतही गल्लोगल्ली मिळतो."

सगळे हसले. प्रणाली पंगतीत पाणी वाढत होती. तीही हसली. तिनं दिवसभर काही खाल्लं नाही. मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, भूक नाही.

चार वाजता पाहुणे दरीकडे फिरायला गेले. मी मागच्या अंगणात परात घासत बसले होते. प्रणालीनं ड्रममधला अर्धवट जळलेला कोळसा घमेल्यात काढला. कोळसा वाळून खडखडीत होता. तिनं एक तुकडा फोडून आतूनही बघितला. मग ती ड्रमच्या मागे गेली आणि भिंतीच्या सांदीत उकिडवी बसली.

पट्टी बंद होती. घट्ट, शेवटपर्यंत सरकवलेली.

ती मी बंद केली होती. ती साडी बदलायला गेली, अंगणात कुणी नव्हतं, तेव्हा. चिमट्यानं सरकवली, कारण हातानं चटका बसला असता. नंतर तिनं विचारलं तेव्हा वाकून बघितली, ती मी केली होती तशीच होती, आणि मी उघडी आहे म्हणून सांगितलं.

का, ते आता सांगते. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी ओसरीवर चहा घेऊन चालले होते. दाराआड असतानाच विश्वासरावांचा आवाज ऐकला.

"उद्या प्रणालीचं जमलं, तर स्वयंपाकघर तिलाच देऊन टाकू. नव्या लोकांना असलंच लागतं. ज्योत्स्नाला पाठवू आत्याबाईकडे."

"आणि पोरं?" हा अतुल.

"पोरं मोठी झाली आता. आई आहे की इथं. आणि ज्योत्स्नाचं काय, ती कुठंही निभावून नेते."

"हव," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काई नाई."

मी चहा नेऊन दिला. तिघं थंडीबद्दल बोलायला लागले. विश्वासरावांनी कप घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले. मी साखर आणून घातली. संध्याकाळ गेली, रात्री जेवणं झाली, सकाळ झाली. कुणीतरी मला विचारील, निदान सांगील, म्हणून मी वाट बघत होते. माझी मुलगी सहावीत होती, मुलगा चौथीत. सोळा वर्षं मी ज्या घरात राबले, तिथं मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत खाट हलवावी तसं हलवायचं ठरलं होतं, आणि खाटेला कुणी विचारत नसतं.

शनिवारी सकाळी तो चाचणीचा पिझ्झा जमला आणि विश्वासरावांनी तिसऱ्या तुकड्याला हात घातला, तेव्हा मला कळलं, आता मलाच पाठवणार. प्रणालीला यातलं काही माहीत नव्हतं. ती बिचारी पिझ्झाच करत होती. मी नवऱ्याशी भांडू शकत होते, सासूबाईंना विचारू शकत होते. ते माझ्याच्यानं झालं नाही. पट्टी सरकवणं झालं.

प्रणाली ड्रममागून उठली. हात राखेनं काळे झाले होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी परात घासतच होते, स्वच्छ झालेली परात.

"ताई," ती म्हणाली, "खालची पट्टी बंद होती."

मी परातीवर पाणी ओतलं.

"माझाच पाय लागला असेल तिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला वाट करून दिली होती, आणि मी ती घेते की नाही हे ती बघत होती. अजूनही वेळ होता. पाहुणे चिखलदऱ्यात दोन दिवस राहणार होते, पीठ शिल्लक होतं, उद्या दुपारी पुन्हा सगळं मांडता आलं असतं. मी एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"असेल," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी दिवेलागणीला सासूबाईंनी निकाल सांगितला. "प्रणाली, सोमवारी तू आत्याबाईकडं जाय. इथं ज्योत्स्ना पाह्यते."

प्रणालीनं अतुलकडे पाहिलं. अतुल भिंतीकडे बघत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वरण ढवळत होते.

सोमवारी सकाळच्या एस. टी.नं ती दोन पिशव्या घेऊन गेली. अतुल आधी दर शनिवार-रविवार जायचा, मग महिन्यातून एकदा. ड्रम त्यानं भंगारात देऊन टाकला. देशकरसाहेबांचे गट मात्र येत राहिले आणि माझ्या हाताची वाहवा होत राहिली. एकदा जेवताना विश्वासराव म्हणाले, "बरं झालं, त्या वेळी तूच इथं राहिलीस. तुझ्यावाचून या घराचं पान हलत नाही." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी ताक वाढलं.

आत्याबाई आठ वर्षं जगल्या.

मध्ये मी तीन-चारदा परतवाड्याला गेले. दर वेळी ठरवून गेले आणि न बोलता परत आले. प्रणाली वाळत चालली होती. पहिल्या पावसाळ्यात तिला दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. आत्याबाईंना उचलताना कळ आली, असं शेजारणीनं सांगितलं. पुन्हा काही झालं नाही. आत्याबाईंना दात नव्हते, म्हणून घरात दोन्ही वेळा पातळ खिचडी नाहीतर पेज शिजायची. तीही तेच खायची. मी एकदा म्हटलं, स्वतःपुरतं काहीतरी चांगलंचुंगलं करत जा गं. ती म्हणाली, "एकटीसाठी कोण करतं, ताई?"

त्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे गेलो. मागच्या पडवीत मी भाताच्या पातेल्याजवळ होते, ती वरण बादलीत काढत होती. तिच्या केसांत पुढे पांढरी बट आली होती. वय पस्तीसच्या आतबाहेर. अतुल तिला परत चल म्हणाला होता आणि तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. गावातल्याच एका दवाखान्यात रुग्णांसाठी खिचडी आणि सूप करायचं काम तिनं धरलं होतं.

पडवीत आम्ही दोघीच होतो. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"प्रणाली, त्या दिवशी ती पट्टी—"

"तुम्ही लावली होती," ती म्हणाली. वरणाची धार तुटली नाही. "मला तेव्हाच कळलं. राखेत चिमट्याचा ओरखडा होता. माझा पाय तिथं पोचलाच नसता."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ओसरी, चहा, विश्वासरावांचं बोलणं. तिनं ऐकून घेतलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर मी हसत हसत इकडे आले असते असं नाही म्हणणार. भांडलेच असते कदाचित. पण तुमच्याशी नाही. तुमच्या बाजूनं, त्यांच्याशी."

"मग तू का नाही बोललीस? सगळ्यांदेखत सांगायचं होतंस, की हिनं केलं."

"कोणाला सांगू?" तिनं बादली भरली, कड पुसली. "त्या घरात माझं ऐकणारं माणूस एकच होतं. तुम्ही."

"मला माफ कर गं."

"पंगत बसलीय, ताई."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, भात आणा म्हणून. मी पातेलं उचललं. पंगतीत आधी भात, मागून वरण, तशी मी पुढे झाले आणि ती माझ्यामागून आली. एकेका पानावर मी भात घालत गेले आणि ती त्यावर वरण. शेवटच्या पानाशी मी थांबले, वळले. ती तिथवर आलीच नव्हती. चार पानं अलीकडे बादली अतुलच्या हातात देऊन ती आत निघून गेली होती.